मायोर्का: पोयेन्सा–युक–कांपानेत ही डोंगरी फेरी कुठल्या दिशेने मारावी?

कात्रजकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि धाकटा भाऊ मायोर्का या स्पेनच्या बेटावर जातो आहोत. मुक्काम बेटाच्या ईशान्य टोकाला, पोर्ट दे पोयेन्सा इथे. रोड सायकली तिथेच भाड्याने घेणार.

मुख्य बेत एकाच फेरीचा आहे: पोर्ट दे पोयेन्सा – पोयेन्सा – फेमेनिया खिंड – युकचा मठ – बताया खिंड – काइमारी – सेल्वा – मोस्कारी – कांपानेत – जुन्या रस्त्याने पोयेन्सा – परत पोर्ट. नकाशावर साधारण ७० किमी आणि हजार मीटरच्या आसपास चढ दिसतो. जमलं तर त्यातच सा कलोब्राचा घाट (समुद्रापर्यंत उतरून परत चढायचा) जोडायचा आहे.

विचारायचं ते असं:
१. दिशा कोणती? आधी फेमेनिया चढून बतायाकडून उतरावं, की उलट?
२. माझं वजन ७० किलो. सिंहगड ३४/२८ वर (पुढे ३४, मागे २८ दातांची चकती) न थांबता चढता येतो, पण वरच्या तीव्र टप्प्यांत पाय अडकतात. सा कलोब्रासाठी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) कोणती मागावी?
३. भावाला चढाची सवय नाही. त्याच दिवशी त्याच्यासाठी सपाट, पण जुनी गावं दाखवणारा रस्ता आहे का?
४. आम्ही दोघंही शाकाहारी. वाटेत काय खावं?

युरोपात सायकल पहिल्यांदाच चालवणार आहोत, त्यामुळे अगदी मूलभूत वाटलं तरी सांगा.

---

स्पोक३२

मार्ग चांगला निवडला आहे. ट्रामुंताना डोंगररांग, पायथ्याची दगडी गावं आणि मधलं शेतशिवार, तिन्ही एका दिवसात बघायला याहून सोपी फेरी बेटावर नाही. टप्प्याटप्प्याने सांगतो, तुम्ही लिहिलेल्या क्रमाने.

पोर्ट ते पोयेन्सा, सुमारे ७ किमी. सपाट. पाय मोकळे करायला एवढं पुरतं. पोयेन्साच्या उत्तर कडेला सां जोर्दी ओढ्यावर दोन कमानींचा जुना पूल आहे, त्याला रोमन पूल म्हणतात. मा-१० हा डोंगरातला मुख्य रस्ता गावाला वळसा घालून जातो. गावात शिरलात तर अरुंद एकदिशा गल्ल्या आणि फरसबंदी लागते, म्हणून चौकातली कॉफी परतीसाठी ठेवा. काल्वारी टेकडीच्या ३६५ पायऱ्या क्लीटच्या (तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा असलेल्या) बुटांनी चढू नका. दगड घासून गुळगुळीत झालेत, प्लास्टिकचे क्लीट त्यावर सरळ घसरतात. रबरी क्लीट-कव्हर खिशात टाका, युकलाही उपयोगी पडतील.

फेमेनिया खिंड. पोयेन्सा सोडल्यावर काही किलोमीटर दरीतून जवळजवळ सपाट रस्ता आणि मग चढ: साडेसात किमीच्या आसपास, सरासरी साडेपाच ते सहा टक्के, माथा समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या थोडा वर. चढ एकसारखा आहे, भिंतीसारखा टप्पा कुठे नाही. इथे लोक जोर लावून चुकतात. सकाळची थंड हवा आणि ताजे पाय यामुळे पहिली दोन किमी फार जोरात जातात. ७० किलोचा स्वार आणि बाटल्यांसकट १० किलोची सायकल धरली, तर इथे ताशी १२ किमीला साधारण १७५ वॉट लागतात आणि चढ ३८ मिनिटांत संपतो. पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल इतक्याच दमाने चढा.

खिंड ते युक. नकाशावर हा भाग निरुपद्रवी दिसतो, पण खिंडीनंतर सपाटी नाही. मोर्तिचच्या द्राक्षबागेवरून जाणारा रस्ता सतत वरखाली होत राहतो. “चढ संपला” म्हणून खाणं थांबवलं, तर युकच्या अलीकडेच पाय रिकामे होतात. या पट्ट्यात शेळ्या-मेंढ्या रस्त्यावर असतात. एक शेळी रस्ता ओलांडून गेली की वेग वाढवू नका, मागची बहुधा कठड्याआड उभी असते.

युक हे बेटाचं मुख्य तीर्थक्षेत्र. १३ व्या शतकापासूनची परंपरा, गाभाऱ्यात सावळी मारियामूर्ती, आणि निळ्या झग्यांतल्या मुलांचं गायनपथक. मठ मा-१० पासून किलोमीटरभर आत आहे. आवारात कॅफे आहे, बाटल्या इथेच भरा.

बताया खिंड आणि उतार. युकहून खिंड अगदी जवळ. माथ्यावर पेट्रोल पंप आणि त्याला लागून कॅफे, सायकलस्वारांचा नेहमीचा थांबा. उतार काइमारीपर्यंत सुमारे ८ किमी, सरासरी ५ टक्के. डांबर चांगलं, वळणं ओक आणि पाइनच्या सावलीत. सावलीतली वळणं सकाळी दवाने ओली राहतात आणि पाइनच्या सुया कडेला साचतात, तेवढं सांभाळा.

काइमारी ते कांपानेत. ऑलिव्हचा प्रदेश. डोंगरउतारावर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या दिसतील. याच शेतीरचनेमुळे २०११ मध्ये ट्रामुंतानाला युनेस्कोने सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारशात घेतलं. इथे वेग कमी करून बांध बघाच. दगड कसे बसवलेत, पाणी कुठून वाट काढतं, हे सायकलवरून जितकं दिसतं तितकं मोटारीतून दिसत नाही. सेल्वाचं चर्च उंचावर आहे, मोस्कारी लहान आहे, कांपानेतच्या चौकात बसायला जागा भरपूर.

कांपानेत ते पोयेन्सा, जुना रस्ता. सां मिकेलच्या छोट्या चर्चवरून जाणारी ही वाट सुंदर, पण अरुंद आहे. दोन्ही बाजूंना दगडी कुंपण, आंधळी वळणं, मधूनमधून खडी आणि ठिगळं. समोरून मोटार आली तर दोघांपैकी एकाला थांबावंच लागतं. जोराच्या पावसानंतर जवळचे उफानेस झरे जमिनीतून एकदम उफाळतात. तेव्हा पाणी आणि चिखल रस्त्यावर येऊ शकतो, आदल्या दोन दिवसांत मोठा पाऊस झाला असेल तर कांपानेतमध्ये विचारून मगच निघा.

जीपीएसबद्दल एक. मार्ग आधीच उतरवून घ्या आणि “मार्ग पुन्हा आखा” हा पर्याय बंद ठेवा. चुकलात की यंत्र जवळची वाट म्हणून शेतातली खडीची पायवाट तरी दाखवतं किंवा मा-१३ कडे तरी नेतं. मा-१३ हा मोटरवे, तिथे सायकलला बंदी. त्याला समांतर जुना मा-१३ए चालतो.

दिशेचं माझं मत: तुम्ही लिहिलीत तीच, म्हणजे घड्याळाच्या उलट. चढ सकाळच्या गारव्यात होतो.

---

बार्सिलोनावासी

स्पोक३२ यांचं वर्णन नेमकं आहे, पण दिशेबद्दल माझं मत वेगळं आहे. फक्त ७० किमीची फेरी असेल, तर मी घड्याळाच्या दिशेने जायला सांगेन: आधी कांपानेत, मग काइमारीहून बताया चढून युक, आणि शेवटी फेमेनिया उतरून पोयेन्सा.

कारण वारा. उन्हाचा दिवस असला की दुपारकडे समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो, बेटावर त्याला एंबात म्हणतात. जमीन समुद्राआधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि उपसागरावरची गार हवा आत ओढली जाते. अल्कुदिया आणि पोयेन्साच्या उपसागरांकडून तो ईशान्येचा येतो. घड्याळाच्या उलट गेलात, तर काइमारीपासून घरापर्यंतचे शेवटचे ३० किमी, दमलेल्या पायांनी, याच वाऱ्याला तोंड देत काढावे लागतात. उलट बाजूने गेलात तर सकाळी वारा नसतो, दुपारी तुम्ही डोंगरात असता, आणि तोंडावरचा वारा फेमेनिया उतरल्यावरच्या दरीत आणि पुढच्या ७ किमीत, एवढाच उरतो.

दुसरं कारण चढाचं रूप. बताया ८ किमी ५ टक्के, म्हणजे फेमेनियाहून किंचित सौम्य, आणि त्याआधी २५-३० किमी लाटांसारख्या रस्त्यावर अंग चांगलं तापलेलं असतं. सावलीही जास्त आहे.

मात्र सा कलोब्रा जोडणार असाल तर माझं म्हणणं मागे घेतो. तिथे सहलीच्या बस पोचायच्या आत उतरून वर यायला हवं, आणि फेमेनियाकडून गेल्यावरच तुम्ही वेळेत पोचता. थोडक्यात, सा कलोब्रा असेल तर घड्याळाच्या उलट, नसेल तर घड्याळाच्या दिशेने.

ट्रामुंताना याच नावाचा उत्तरेचा वारा निराळा. हवामानखात्याने जोराचा उत्तर वारा सांगितला असेल तर डोंगर त्या दिवसापुरता सोडा. उंच कडेची (खोल रिमची) चाकं असलेली सायकल अशा वाऱ्यात खिंडीच्या तोंडावर हातभर बाजूला फेकली जाते. भाड्याने घेताना ३०-३५ मिमीपेक्षा खोल रिम मागूच नका.

नियम, जे आपल्याकडून जाणाऱ्यांना माहीत हवेत. रस्त्याची उजवी बाजू. चौकातलं वर्तुळ घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे शिरताना आधी डावीकडे बघायचं. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. कानात इअरफोन चालत नाहीत, मद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू. दोघं शेजारी-शेजारी चालवू शकता, पण आंधळ्या वळणावर आणि मागे गाड्या साठल्यावर एकामागे एक व्हा. मोटारीने ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडायचं असतं.

डावीकडे वळण्याचा नियम बरेच जण चुकवतात. गावाबाहेर खास मार्गिका नसेल, तर सायकलने रस्त्याच्या मधोमध थांबायचं नसतं. उजव्या कडेला बाहेर उभं राहायचं, दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की ओलांडायचं. सा कलोब्राहून परतताना फाट्यावर मा-१० ला युककडे डावीकडे वळायचं असतं, तिथे रहदारी कोणत्या बाजूने येते ते उभं राहून पाहा, मगच वळा.

तारखेचंही पाहा. एप्रिलअखेरीस मायोर्का ३१२ ही मोठी सायकल-राइड असते, नावाप्रमाणे ३१२ किमीची, आणि तिचा मार्ग ट्रामुंतानातूनच जातो. त्या दिवशी काही रस्ते बंद असतात आणि आधीचे आठ दिवस भाड्याच्या चांगल्या सायकली मिळत नाहीत. तारीख बघा आणि सायकल आत्ताच राखून ठेवा.

---

कात्रजकर

दोघांचेही मनापासून आभार. वाऱ्याचा मुद्दा डोक्यातच नव्हता. सा कलोब्रा करायचंच आहे, तेव्हा घड्याळाच्या उलट हे नक्की.

आता उरलं गिअरचं आणि उताराचं. इथे आमच्या सायकलींना रिम ब्रेक आहेत, डिस्क ब्रेक वापरलेला नाही. ९ किमीचा सलग तीव्र उतार कसा उतरायचा? आणि किती वाजता निघावं?

---

पेडलपंढरी

आधी वेळ. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सातच्या सुमारास सूर्य उगवतो. सव्वासातला सायकलवर बसा. फेमेनियाच्या माथ्यावर साडेआठ, युकच्या फाट्याला सव्वानऊ. मठात आत्ता शिरू नका, बाटल्या भरायच्या असतील तरच वळा. मा-१० वरून पश्चिमेकडे एस्कोर्काच्या पुढे सा कलोब्राचा फाटा, तिथे जलवाहिनीची दगडी कमान दिसेल. दहाच्या आत फाट्यावर असलात तर बस येण्याआधी निदान उतार तरी मोकळा मिळतो.

सा कलोब्राचा हिशेब. फाट्यापासून आधी दोन-अडीच किमी चढून ६८२ मीटरवरची रेइस खिंड, मग समुद्रापर्यंत ९.४ किमी उतार, सरासरी ७ टक्के. रस्ता अंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने आखला, १९३२ चा. त्याने डोंगर पोखरून बोगदा काढण्याऐवजी रस्ताच वळवत नेला. माथ्याजवळ तो स्वतःभोवती गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून निघतो, त्याला टायची गाठ म्हणतात. चढ सह्य राखण्यासाठी लांबी वाढवायची, हे घाटबांधणीचं मूळ तत्त्व इतकं उघडं क्वचितच दिसतं. खाली गेल्यावर परतीला हाच एक रस्ता. खाली उतरलात म्हणजे ९.४ किमी चढणं आलंच, हे ध्यानात ठेवूनच खाली जा.

गिअर. ८० किलो एकूण वजनाला ७ टक्के चढावर ताशी १० किमीसाठी साधारण १७० वॉट लागतात, म्हणजे ५६ मिनिटं. आता त्या वेगाला पाय किती फिरतात ते पाहा (चाकाचा परीघ २.१ मीटर धरून):

३४/२८ – मिनिटाला ६५ फेरे
३४/३२ – ७५
३४/३४ – ७९

६५ ला पायाचा स्नायू दर फेऱ्यात जास्त जोर लावतो आणि तासाभरात जड होतो. सिंहगडावर तुमचे पाय अडकतात ते याचमुळे. दमाची कमतरता नाही, गिअर मोठा आहे. ५०/३४ चेनरिंग (पुढच्या चकत्या) आणि ११-३४ कॅसेट मागा. “कॉम्पॅक्ट” (म्हणजे पुढची ५०/३४ जोडी) एवढंच म्हणून थांबू नका, मागची सर्वांत मोठी चकती किती दातांची हे लिहून घ्या. नुसतं कॉम्पॅक्ट म्हटलं आणि मागे २८ आली, तर जागेवर कॅसेट बदलणं सोपं नसतं: आखूड डिरेलरला (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ बसत नाही आणि साखळीही लांब लागते.

चढताना पहिले २ किमी मुद्दाम सावकाश. शेवटचे २-३ किमी वर टायची गाठ दिसत राहते, तिथे वेग वाढवायचा मोह होतो. पुढे अजून युकपर्यंतचे चढउतार आणि घरापर्यंतचा वारा बाकी आहे. संपूर्ण दिवस ११० किमीच्या आसपास आणि चढ दोन हजार मीटरच्या वर जातो.

उतार. ८० किलो वजन ६६८ मीटर खाली आलं की सव्वापाच लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. काही हवेच्या रोधात जाते, उरलेली सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन. ब्रेक सतत हलका दाबून ठेवलात तर वेग कमी राहतो, म्हणून हवेत कमी ऊर्जा जाते, आणि पॅडना थंड व्हायला उसंतच मिळत नाही. परिणाम: पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो, पकड जाते, किंचाळणारा आवाज येतो. म्हणून सरळ पट्ट्यात सायकल मोकळी सोडा, वळणाच्या आधी सरळ असतानाच दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबा, वळणात सोडून द्या. डिस्क ब्रेकला एका बोटाचा दाब पुरतो. पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर दहा-बारा वेळा थांबून हाताला अंदाज द्या.

हाताची जागा हँडलच्या खालच्या कमानीत. वळणात बाहेरचा पाय खाली आणि त्यावर वजन. नजर वळणाच्या शेवटाकडे, पुढच्या चाकाकडे नाही.

बस समोरून वर येत असेल आणि पुढे हेअरपिन (एकदम उलट फिरणारं) वळण असेल, तर वळणात शिरू नका. वळणाच्या आधी उजव्या कडेला थांबा. बसला वळायला रस्त्याची पूर्ण रुंदी लागते, तिचं शेपूट शेवटी आत येतं. पावसानंतर कड्यावरून पडलेले लिंबाएवढे दगड रस्त्यावर असतात, सावलीत दिसत नाहीत. गडद काचांचा चष्मा तिथे नको, पारदर्शक किंवा फिकट घाला.

खाली पाच मिनिटं चालून पादचारी बोगद्यातून तोरेंत दे पारेइसच्या तोंडाशी जाता येतं. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मधे खड्यांचा किनारा. क्लीट-कव्हर लागतीलच.

---

स्पोक३२

पेडलपंढरी यांच्या ब्रेकच्या मुद्द्याला जोडून एक महत्त्वाचं. आपल्याकडे उजवी मूठ पुढचा ब्रेक, डावी मागचा. स्पेनमध्ये साधारणपणे उलट: डावी पुढचा, उजवी मागचा. त्यातही या बेटावर ब्रिटिश ग्राहक खूप, त्यांची रीत आपल्यासारखी असल्याने अदलाबदल केलेल्या सायकलीही दुकानांत असतात. गृहीत काहीच धरू नका. सायकल हातात आली की ढकलत चालवा, एक मूठ दाबा, कुठलं चाक अडतं ते पाहा. दुकानदाराला सांगितलंत तर तारेचे ब्रेक असलेल्या सायकलच्या मुठी तो बदलून देऊ शकतो. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) ब्रेक असेल तर ब्रेक ऑइलचं काम निघतं, म्हणून आरक्षण करतानाच सांगा.

ताब्यात घेताना तपासा, घाई करू देऊ नका:

ब्रेकच्या पॅडवर किमान १ मिमी तरी मसाला (घासला जाणारा थर) उरला असावा, अर्ध्या मिमीला बदलायचाच असतो. साखळी मोजायचं गेज लावायला सांगा, ११-१२ स्पीडला ०.५ टक्के ताणली की साखळी बदलतात. मागची सर्वांत मोठी चकती घालून चाक फिरवा: डिरेलरचा पिंजरा आऱ्यांना लागत असेल तर हँगर (डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा) वाकलेला आहे. अशी सायकल घाटात सर्वांत हलका गिअर टाकताना चाकातच अडकते, तेव्हा ती घेऊच नका. विजेवर चालणारे गिअर असतील तर पूर्ण चार्ज.

टायर २८ मिमी मागा. ७० किलोला ट्यूब असल्यास मागे ७५-८०, पुढे ७०-७५ पीएसआय हवा पुरे. १०० पर्यंत फुगवाल तर कांपानेतच्या ठिगळांवर मनगटं दुखतील आणि वळणात पकडही कमी.

पेडल आणि सॅडल घरचे न्या. तळव्याची आणि बसण्याची जागा सहा तासांत बदलून घेता येत नाही. सॅडलची उंची (क्रँकच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत) मिमीमध्ये लिहून न्या. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, पेडल लावताना बोटांनी निदान चार फेरे सहज जात नसतील तर पाना लावू नका.

सोबत: दोन ट्यूब, दोन लिव्हर, पंप, साखळीची क्विक-लिंक (तुटलेली साखळी जोडायची कडी), पाना-संच. कार्बन डायऑक्साइडची काडतुसं भारतातून विमानाने नेण्याच्या भानगडीत न पडता तिथेच घ्या. पुढचा-मागचा दिवा लावाच. फोर्मेंतोरला किंवा सोयेरकडे गेलात तर बोगदे लागतात.

हवा: किनाऱ्यावर दुपारी १९-२० अंश, डोंगरात चार-पाच अंश कमी, आणि उतारावर वाऱ्याने आणखी बोचतं. घामेजलेल्या अंगाने बताया उतरण्याआधी विंडजॅकेट चढवा. बोटं गारठली की ब्रेक दाबता येत नाही, म्हणून पातळ पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या.

शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतोच. पॉलिसीत सायकलिंग वगळलेलं नाही ना, ते वाचा. भाड्याच्या सायकलचं नुकसान त्यात बहुधा येत नाही, ते दुकानाच्या वेगळ्या विम्यात बघा. आपत्कालीन क्रमांक ११२.

---

बार्सिलोनावासी

राहिलेले दोन प्रश्न घेतो.

भावासाठी. पोर्ट दे पोयेन्साहून उपसागराच्या कडेने अल्कुदिया सुमारे १० किमी, पूर्ण सपाट. वारा असेल तर जाताना किंवा येताना एकदा तोंडावर घ्यावाच लागेल, म्हणून सकाळीच जावं. अल्कुदियाच्या जुन्या गावाभोवती १४ व्या शतकातली तटबंदी आहे, काही भागावरून चालता येतं. तटाबाहेरच पोयेंतिया या रोमन नगराचे अवशेष: रोमनांनी इ.स.पू. १२३ मध्ये बेटं जिंकली, त्यानंतरचं हे नगर. चौक, घरं आणि छोटं नाट्यगृह दिसतं. मंगळवारी आणि रविवारी अल्कुदियात बाजार भरतो, तेव्हा सायकल वेशीबाहेरच कुलूपबंद करावी. तिथून पोर्टला परत, मग पोयेन्सा, रोमन पूल आणि काल्वारीच्या पायऱ्या. एकूण ३५ किमीच्या आत. दुपारी पोयेन्साच्या चौकात तुमची गाठ पडेल. रविवारी पोयेन्साचाही बाजार असतो, तेव्हा बसायला जागा मिळत नाही.

खाणं. सगळ्यात आधी हे: एन्साइमादा हा पिठीसाखर भुरभुरलेला गोल पाव प्रत्येक बेकरीत दिसेल. पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते, त्यामुळे तो टाळा. कोका या पिझ्झासारख्या भाजीच्या पोळीच्या कणकेतही कधीकधी चरबी घालतात, विचारून घ्या. तुमच्यासाठी पा अंब ओली: जाड गावठी पाव, त्यावर टोमॅटो चोळलेला, ऑलिव्ह तेल, मीठ. चीजसह मागा, हॅमशिवाय असं स्पष्ट सांगा. तुंबेत म्हणजे बटाटा, वांगं, ढोबळी मिरची थरांनी लावून टोमॅटोच्या रश्शात, हे जेवण म्हणून उत्तम. पण तळलेलं आहे, चढाच्या आधी नको. सोयेरच्या संत्र्यांचा ताजा रस सगळीकडे. बदामाचा गातो केक चालेल, त्यात अंडं असतं.

दुपारी चारनंतर बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळपर्यंत नुसतं पेय आणि पाव मिळतो. तुम्ही सा कलोब्रा करून बतायाला दोनच्या सुमारास याल. तिथेच पोटभर खा, कांपानेतवर विसंबू नका.

सायकलवर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी, पहिल्या अर्ध्या तासापासूनच. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, त्यावरून हिशेब लावा. गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर घरून न्यायला हरकत नाही. पेढे, बर्फी, तूप घातलेले लाडू मात्र सामानात ठेवू नका, युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. चिक्की पातळ तुकड्यांत फोडून न्या. अखंड वडी चढावर चावताना धाप लागते, आणि शेंगदाण्यातला स्निग्धांश उशिरा पचतो. सा कलोब्रा चढताना खजूरच खा, चिक्की फेमेनिया ते युकच्या पट्ट्यात संपवा.